फक्त एक वर्ष भाड्याने

१४ जानेवारी १९५८, मंगळवार
आज संक्रांत. राजाजीनगरच्या घराची वास्तुशांत झाली. दूध उतू गेलं, तेही पूर्वेकडेच. भटजी म्हणाले, शुभ आहे. सगळे नातेवाईक आले होते. जो तो म्हणत होता, विठोजी, मिलमधला हेडक्लार्क असून राजाजीनगरात घर बांधलंस, कमाल केलीस! मी नुसता हसलो. खरी कमाल पुढे आहे, ती त्यांना काय ठाऊक.

पाहुणे गेल्यावर सौ.ला योजना सांगितली. ती स्वयंपाकघरात होती. बरण्या फळीवर लावून झाल्या होत्या. म्हणालो, घर ही राहण्याची वस्तू नाही, ती इन्व्हेस्टमेंट आहे. अडाणी माणूस स्वतःच्या घरात राहतो. शहाणा माणूस स्वतःचं घर भाड्याने देतो आणि आपण स्वस्त जागेत राहतो. आपण कॉटनपेटच्या वठारात, त्या चाळीत, इतकी वर्षं काढली. दोन खोल्या, चौकात सगळ्यांना मिळून एक नळ, भाडं जवळजवळ नाहीच. तिथेच आणखी एक वर्ष काढू. फक्त एक वर्ष.

तिने बरण्या एकेक करून परत टोपलीत ठेवल्या. म्हणजे पटलं. सौ.चं हे फार चांगलं आहे, एकदा सांगितलं की पुरे.

घोड्याच्या जटक्यातून परत आलो. ती पाठमोरी बसली होती, घर दिसेनासं होईपर्यंत मागेच बघत होती. तिला उलटं बसायला आवडतं हे लग्नाला पंचवीस वर्षं झाल्यावर आज कळलं.

१९ जानेवारी, रविवार
'टू लेट'चा बोर्ड रंगवून घेतला. कन्नड आणि इंग्रजी. पेंटरने विचारलं, खाली मराठीतही लिहू का? म्हणालो, मला भाडेकरू पाहिजे, सोयरीक नको.

ओनर म्हणून वागण्याचे नियम ठरवले. भाडेकरूशी मैत्री नाही. त्याच्या घरी पाणीसुद्धा प्यायचं नाही, पाणी प्यालं की माणूस ओशाळतो. दहा महिन्यांचा अ‍ॅडव्हान्स. वकील नको, तो कायदा काढणार. गाणारे नकोत. म्हैसवाले तर नकोतच. एकंदरीत कडक राहायचं. बेंगळूरचे ओनर मऊ आहेत म्हणून भाडेकरू डोक्यावर बसलेत.

सौ.ला नियम वाचून दाखवले. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, बरं.

२ मार्च, रविवार
अजून योग्य माणूस आलेला नाही. एक बँकेतला ऑफिसर आला होता, त्याने आधी नळाला प्रेशर किती ते विचारलं. आज नळाबद्दल विचारतो, उद्या छपराबद्दल विचारेल. नाही म्हटलं. एका शाळामास्तरची मुलगी वीणा शिकते. नाही. एक डॉक्टर आला, त्याच्यामागे रोगी येणार. नाही. एक विधुर आला, सभ्य वाटला, पण घर झाडणार कोण? नाही. बोर्ड ऊन खाऊन फिका पडलाय. दुसरा रंगवायला दिला.

रविवारी आम्ही दोघं घर झाडायला जातो. आज सौ.ने बरोबर स्टोव्ह आणला होता. रिकाम्या स्वयंपाकघरात बसून उप्पिट्टू केला. मग खिडकीशी बसून कितीतरी वेळ केस विंचरत होती. काहीतरी गुणगुणतही होती. मी सांगितलं, स्टोव्ह भिंतीपासून लांब ठेव, काजळी धरली तर भाडेकरू कटकट करेल. तिने उठून भिंत पुसली. उरलेला उप्पिट्टू डब्यात भरला आणि निघालो.

आम्हाला मूल नाही, त्यामुळे खर्च कमी. घर बांधता आलं ते त्यामुळेच. प्रत्येक गोष्टीची चांगली बाजू बघावी.

२७ एप्रिल, रविवार
घर भाड्याने गेलं! भाडेकरू देवाप्पा, निपाणीकडचा. राजाजीनगरातल्याच एका कारखान्यात फोरमन आहे. तिशीचा असेल. नवीन लग्न, बायको ठकुबाई म्हणजे अगदीच पोर. दोघं मराठी बोलतात, पण त्यांच्याकडची. म्हणाला, "अण्णा, घर लई ब्येस हाय. पर अ‍ॅडव्हान्स दोनच म्हैन्याचा हुतोय बगा."

मी साफ नाही म्हणालो. दहा म्हणजे दहा. आवाज चढवला. तो मान खाली घालून ऐकत राहिला. मला वाटलं, आता नमतो.

तेवढ्यात आतून ठकुबाईचा आवाज आला. "अक्का, चूल कुठल्या अंगाला मांडू?" आणि सौ. तिला दाखवत होती. चूल कुठे, पाट्याची जागा कुठली, लोणच्याची बरणी कुठल्या कोपऱ्यात ठेवली तर ओल लागत नाही. सगळं तिने आधीच ठरवून ठेवलेलं दिसलं. तासभर दाखवत होती. एवढं दाखवून झाल्यावर नाही कसं म्हणायचं? दोन महिन्यांच्या अ‍ॅडव्हान्सवर हो म्हणालो. पण कडक आवाजात.

परत येताना सौ. म्हणाली, पोरगी गोड आहे. मी म्हणालो, भाडेकरूबद्दल असं बोलायचं नाही.

६ जुलै, रविवार
पहिलं इन्स्पेक्शन. नियमाप्रमाणे पाणी घेतलं नाही. ज्वारीची भाकरी, झुणका आणि मिरचीचा ठेचा घेतला. अन्नाबद्दल नियम नाही. ताक घेतलं. ताक म्हणजे पाणी नव्हे.

न्हाणीचं छप्पर गळत होतं, ते देवाप्पाने स्वतः सिमेंट आणून बुजवलं आणि भाड्यातून वळतं केलं. मागच्या महिन्यात दाराच्या बिजागऱ्या बदलल्या, त्याही वळत्या. म्हणजे या महिन्याचं भाडं सिमेंटच्या रूपाने मिळालं. नीट विचार केला तर हे उत्तमच. मला हेलपाटे नाहीत, गवंड्याशी हुज्जत नाही आणि घराची किंमत बसल्या जागी वाढते आहे.

आजचा धडा: भाडेकरू असा हवा की त्याने भाड्याला स्वस्थ बसू देऊ नये.

११ जानेवारी १९५९, रविवार
वर्ष होत आलं. सौ.ने पीठ वाटायचा दगडी रगडा आणि वरवंटा गोणपाटात बांधून दाराशी ठेवला होता. विचारलं, हे काय? म्हणाली, संक्रांतीनंतर जायचं ना?

तिला समजावून सांगितलं. वर्ष झालं म्हणजे भाडं वाढवायची वेळ झाली. आणि भाडं वाढवायचं तर भाडेकरू हवा. आपणच जाऊन राहिलो तर वाढवायचं कोणावर? तिने विचारलं, मग वाढवल्यावर? म्हणालो, वाढवलेलं भाडं निदान वर्षभर तरी घ्यायला नको का? नाहीतर वाढवलं कशाला?

लॉजिकमध्ये कुठेच चूक नव्हती. ती मग गोणपाटाची सुतळी सोडायला बसली. गाठ घट्ट होती, तिने दातांनी सोडली.

१८ जानेवारी, रविवार
भाडं वाढवायला गेलो होतो. परसात एक खोली बांधून द्यायचं कबूल करून आलो.

देवाप्पाचं म्हणणं असं. "वाढवा की अण्णा. पर खोली वाढली की भाडं वाढतंय. नुसतंच भाडं कसं वाढंल?" यात तथ्य आहे. शिवाय खोली माझीच होणार. हा मुद्दा मी त्याच्या लक्षात आणून दिला. तो लगेच म्हणाला, "व्हय, तुमचीच की." भला माणूस आहे.

सौ.ला सांगितलं. म्हणाली, खोलीला पूर्वेला खिडकी ठेवा. 

५ जून, शुक्रवार
खोली पुरी झाली. खर्च अंदाजापेक्षा जास्त झाला, पण अंदाज मीच कमी धरला होता, म्हणजे मूळ चूक नाही. भाडं तूर्त वाढवलेलं नाही. देवाप्पा म्हणतो, सध्या तिथे फक्त सरपण आहे, सरपणाला काय भाडं लावायचं?

सौ. हल्ली बुधवारी आणि शुक्रवारी दुपारी बसने राजाजीनगरला जाते. ठकुबाईला सासू नाही, आई निपाणीला. सौ. तिला चकल्या शिकवते, शिवण शिकवते. मी परवानगी दिली. बिनपगारी एजंट मिळाला तर कोणता ओनर नको म्हणेल?

पण एजंट म्हणून ती कच्ची आहे. आज विचारलं, मागच्या भिंतीला ओल आहे का? म्हणाली, दारातली जाई फुलली आहे. विचारलं, नळ गळतो का? म्हणाली, ठकूला माझ्या हातचा बिसीबेळे भात आवडतो. मी पुन्हा विचारलं नाही. जेवलो. आमटीत मीठ नव्हतं. तेही सांगितलं नाही.

१३ सप्टेंबर, रविवार
एका घरावर थांबणं बरं नाही. हेब्बाळला साइट, म्हणजे घरासाठी मोकळ्या जागा, स्वस्त मिळतात असं ऐकलं, म्हणून जाऊन आलो. बस जेमतेम अर्ध्या वाटेपर्यंत जाते, पुढे चालत. तळं आहे, म्हशी आहेत, नाचणीची शेतं आहेत. एक म्हातारा म्हणाला, घ्या सामी, पुढे भाव येईल. मला हसू आलं. इथे पुढच्या शंभर वर्षांत म्हशीखेरीज कोणी राहायला येणार नाही. अशा गोष्टी मला चटकन दिसतात.

घरी आलो तेव्हा दाराला कुलूप. सौ. रविवारीही तिकडेच. किल्ली शेजारच्या भागुबाईकडे होती.

१४ फेब्रुवारी १९६०, रविवार
वठारात गडबड. आमचा ओनर उपेंद्र याने सगळ्यांना नोटीस दिली. वठार पाडून लॉज बांधायचं आहे म्हणे. जो आपण होऊन जाईल त्याला थोडी भरपाई.

आज चौकात मीटिंग झाली. सर्वानुमते मला भाडेकरू संघाचा सेक्रेटरी केलं. हेडक्लार्क असल्याने ड्राफ्टिंग चांगलं, हे सर्वांना माहीत आहे. मी भाषणही केलं. म्हणालो, ज्या भिंतींत माणूस वर्षानुवर्षं श्वास घेतो त्या भिंती त्याच्याच. ओनर म्हणजे काय? ओनर म्हणजे नुसता कागद! टाळ्या थांबेनात. देवाप्पालाही मुद्दाम बोलावलं होतं, आपला मालक कसा माणूस आहे हे त्याला कळावं म्हणून. सगळ्यांत जास्त वेळ टाळ्या त्यानेच वाजवल्या.

सौ. संध्याकाळी आली. तिला भाषण सांगितलं. तिने विचारलं, "तुम्ही खरंच असं बोललात?" म्हणालो, अगदी शब्दशः. ती माझ्याकडे बघत राहिली. कितीतरी दिवसांनी अशी बघत होती. अभिमान वाटला असणार.

१० एप्रिल, रविवार
सावधगिरी म्हणून देवाप्पाला जाऊन सांगितलं की मला कदाचित घर लागेल. तो खाटेवरून उठून उभा राहिला. म्हणाला, "अण्णा, तुमीच म्हनलासा न्हवं, मालक म्हंजे नुसता कागद?"

म्हणालो, ते वठाराबद्दल.

"व्हय व्हय," म्हणाला, आणि ताक मागवलं. ताक फार छान होतं. विषय तिथेच राहिला.

परतल्यावर फाटकात उपेंद्र भेटला. तोही गोड बोलतो. म्हणाला, "सेक्रेटरी, तुमचं तर राजाजीनगरला स्वतःचं घर आहे म्हणे?" मी म्हणालो, प्रश्न घराचा नाही, तत्त्वाचा आहे. मागे नळावर चार बायका उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या वठाराने ऐकलं. कोपऱ्यातला न्हावी मला म्हणाला, सेक्रेटरी, आम्हाला आधी सांगायचं होतं. काय सांगायचं होतं ते कळलं नाही.

२२ जून, बुधवार
ऑफिसातून आलो. कुलूप. भागुबाईने किल्ली दिली आणि सांगितलं, "सोयराक्का गेल्या. ठकूला दिवस गेलेत, उलट्या थांबत नाहीत म्हणाल्या. दोन ट्रंका नेल्या. रगडा पण नेला." विचारलं, निरोप? म्हणाली, डाळ डब्यात आहे म्हणून सांगा म्हणाल्या.

उलट्यांसाठी रगडा कशाला? डोशाचं पीठ वाटायला असेल. बाळंतपणाआधी खायची इच्छा होते म्हणतात.

शांतपणे विचार केला. ही घटना एका अर्थाने फार अनुकूल आहे. कुटुंबातलं माणूस घरात राहायला गेलं म्हणजे घराच्या एका भागाचा ताबा माझ्याकडे आला. कोर्टात याला वजन असतं. मुद्दाम ठरवलं असतं तरी इतकं जमलं नसतं. खरं तर मीच हे सुचवणार होतो.

भात लावला. खाली लागला. वरचा खाल्ला.

३ जुलै, रविवार
राजाजीनगरला गेलो. सौ. परसातल्या खोलीत असते. सरपण बाहेर काढून खोली सारवली आहे, खाट आहे, देव मांडलेत. पूर्वेच्या खिडकीतून ऊन येतं. खोली मी बांधली, पण आतून आज पहिल्यांदाच पाहिली.

तिने कॉफी आणली. विचारलं, "साखर पुरे?"

मी तिच्या हातची कॉफी रोज दोनदा पीत आलोय. म्हणालो, पुरे. पुरे नव्हती.

ठकुबाई भिंतीला टेकून बसली होती, चेहरा उतरलेला. सौ. तिच्या तळपायांना तेल चोळत होती. ठकुबाई म्हणाली, "अण्णा, अक्का हायेत म्हनून हाय मी." मी म्हणालो, चांगलं आहे. मग सौ.ला विचारलं, केव्हा येतेस?

"कुठं?"

कॉटनपेटला, म्हणालो. आपल्या घरी. ती दूध बघायला आत गेली. दूध उतू जात नव्हतं, मला इथून दिसत होतं. थोडा वेळ बसलो. देवाप्पाने बसस्टॉपपर्यंत सोडलं. छत्री दिली.

९ ऑक्टोबर, रविवार
वठार रिकामं झालं. भरपाई घेऊन एकेकजण गेला. न्हावी गेला, मग नळावरच्या बायका, मग भागुबाई. जाताना तिने मला लोणच्याची बाटली दिली आणि म्हणाली, "अण्णा, तुम्ही पण जा हो. अक्का तिकडं, तुम्ही इकडं, काय अर्थ आहे?" मी म्हणालो, संघाचं काम अर्धवट टाकून कसा जाऊ? तिने पदराने डोळे पुसले. तिला वठार सोडताना फार वाईट वाटत होतं.

पलीकडच्या ओळीची कौलं काढलीत. नळ तोडलाय. पाणी कोपऱ्यावरच्या हॉटेलातून आणतो.

संघाची मासिक मीटिंग वेळेवर घेतली. हजर: सेक्रेटरी. लढा चालू ठेवण्याचा ठराव सर्वानुमते मंजूर.

१९ डिसेंबर, सोमवार
देवाप्पा पेढे घेऊन मिलच्या फाटकाशी आला. मुलगी झाली. नाव प्रेमा ठेवणार. सौ.ने सुचवलं म्हणे. रात्रभर अक्का जागी होती, सुईण वेळेवर आली नाही, पोरगी आधी अक्काच्याच हातात आली.  फोरमन माणूस, रस्त्यात रडला. त्याला रुमाल दिला. विचारलं, मागच्या भिंतीची ओल कशी आहे?

मग त्याने दुसरी बातमी सांगितली. त्याला राजाजीनगरातच साइट मिळाली आहे, दोन गल्ल्या सोडून. पाया भरून झाला. मी त्याला चहा पाजला आणि अनुभवाच्या चार गोष्टी सांगितल्या. म्हणालो, घरात राहायला जाऊ नकोस. भाड्याने दे. पहिलं एक वर्ष तरी दे.

तो हसला. "मग अण्णा, घर बांधायचं कशाला?"

वयाने येईल शहाणपण. चार पेढे मला दिले. दोन खाल्ले, दोन सौ.साठी ठेवले. मग लक्षात आलं.

१२ फेब्रुवारी १९६१, रविवार
वठार सोडलं. हार नाही, छप्परच काढलं. उपेंद्रने स्वतः माझी वळकटी उचलून जटक्यात ठेवली. म्हणाला, "सेक्रेटरी, तुमच्यासारखा भाडेकरू पुन्हा मिळणार नाही." शत्रूनेही मान्य केलं. भरपाईबद्दल विचारलं. म्हणाला, ती दिवाळीपर्यंतच होती.

आता राजाजीनगरला, माझ्याच घरी. ट्रंक कुठे ठेवू, सौ.ला विचारलं. ती प्रेमाला आंघोळ घालत होती. म्हणाली, "देवाप्पाला विचारा." देवाप्पाने पुढच्या पडवीत खाट टाकून दिली. मी भाडं देऊ केलं. त्याने कानांना हात लावले. व्यवहारात तो अगदी कच्चा आहे.

पडवीत हवा चांगली येते. घरातली सगळी बोलणी ऐकू येतात. सौ. आत खूप बोलते. हसतेही. एवढी बोलणारी बाई आहे हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

२५ मे, गुरुवार
देवाप्पाच्या घराची वास्तुशांत झाली. लहान घर आहे, माझ्या निम्म्याने. गवंड्याने कोपरे नीट साधलेले नाहीत, मी दाखवून दिलं. सगळे जेवायला बसले होते.

घरी येऊन सौ.ला सांगितलं. पुढच्या आठवड्यात ते दोघं जातील, घर मोकळं होईल. आणि मी मोठा निर्णय घेतलाय: घर भाड्याने द्यायचं नाही. आपण राहायचं. सगळ्या खोल्यांत. मला वाटलं ती काहीतरी बोलेल.

ती प्रेमाची दुपटी घड्या करत होती. म्हणाली, "मी त्यांच्याबरोबर जाते. पोर माझ्याशिवाय झोपत नाही."

किती दिवस?

"बघू."

मी म्हणालो, अगं, तुला हे घर हवं होतं ना?

"तेव्हा हवं होतं."

घर तेच आहे, म्हणालो. ती म्हणाली, "हो. घर तेच आहे." आणि दुपटं परत उलगडून पुन्हा घडी घातली. पहिली घडीही नीटच होती.

रागावली नव्हती. तशी ती कधीच रागावत नाही.

१ जून, गुरुवार
ते गेले. हातगाडीच्या दोन खेपा झाल्या. सौ.च्या ट्रंका दुसऱ्या खेपेत. मी गाडी ढकलायला मदत केली, दोनच गल्ल्या तर आहेत. देवाप्पाने तिच्यासाठी काढलेली खोली पाहिली. तिथेही पूर्वेला खिडकी आहे. ठकुबाई माझ्या पाया पडली, म्हणाली, "अण्णा, रोज जेवायला येवा." सौ. काही म्हणाली नाही, पण नकोही म्हणाली नाही. प्रगती आहे.

थोड्याच दिवसांचा प्रश्न. लहान मूल काय, महिन्याभरात दुसऱ्याकडे झोपू लागतं.

२० ऑगस्ट, रविवार
प्रेमा रांगते. कन्नडात आईला म्हणतात तसं सौ.ला 'अव्वा' असं काहीतरी म्हणते. मी तिच्यापुढे किल्ल्यांचा जुडगा वाजवला. रडली.

एक प्राध्यापक घर बघायला आला होता, बायको आणि दोन मुलगे. भाडं चांगलं देत होता, अ‍ॅडव्हान्सही पूर्ण. त्याने सहज विचारलं, मग तुम्ही कुठे राहणार?  सांगितलं, कळवतो. कळवलं नाही.

स्वयंपाकघरात अजून गेलो नाही. हॉटेलचा डबा लावलाय. डबा हॉलमध्येच उघडतो.

२२ ऑक्टोबर, रविवार
आज ठरवून गेलो. दाढी केली, धुतलेला कोट घातला. वाटेत वाक्य पाठ केलं. साधंच होतं: सोयरा, घरी चल. तिला नावाने कधी हाक मारलेली नाही. या वहीतही बहुतेक नाही.

ती पायरीवर बसून प्रेमाला भात भरवत होती. पोरीच्या तोंडाला सगळीकडे भात. सूर्य तिच्या पाठीमागे होता, मला तिचा चेहरा नीट दिसेना. केस पांढरे झालेत. केव्हा झाले?

तिने वर पाहिलं. "जेवलात?"

हो, म्हणालो. जेवलो नव्हतो.

"बसा ना."

बसलो. प्रेमाने भाताचं एक शीत माझ्या कोटाला चिकटवलं. सौ.ने ओल्या हाताने ते पुसलं, कोटाचं बटण सैल झालंय म्हणाली, आत जाऊन सुई-दोरा आणला आणि माझ्या अंगावरच शिवून दिलं. दोरा दातांनी तोडताना तिचं डोकं माझ्या छातीशी आलं होतं. वाक्य म्हणायला हीच वेळ होती. मी म्हणालो, देवाप्पाच्या कोपऱ्यांना अजून तडे गेले नाहीत, आश्चर्य आहे.

ती म्हणाली, "हो."

मग प्रेमाला झोप आली आणि ती तिला घेऊन आत गेली. मी थोडा वेळ पायरीवर बसलो. ठकुबाईने दिवा लावला तेव्हा उठलो.

२३ ऑक्टोबर, सोमवार, सकाळ
काल घरी आल्यावर पुढचं दार लावायला गेलो. कडी हातात धरून उभा राहिलो. वाटलं, पोर कधी मध्येच झोपली, हिचा विचार बदलला, ही आली, तर दार वाजवत बसायला नको. जवळच तर आहे. दार उघडंच ठेवून झोपलो.

आज सकाळी उठून बघितलं. सगळं जागच्या जागी आहे. चोरसुद्धा आला नव्हता.